खालच्या वाडीचं पाणी आणि वरचा प्लांट

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते साचतात. आमच्या प्लांटवर तर साचणं हाच धंदा! गावाची गटारं रोज आमच्या टाकीत यायची आणि येताना एखादी भानगड बरोबर घेऊन यायची. टाकीतला गाळ अधूनमधून उपसला जायचा, डोक्यातला तसाच राहिला. आता रिटायर झालोय, गुडघे गेलेत, तेव्हा बसल्या बसल्या उपसतो. ऐकून कंटाळा आला तर सांगा. मला तर केव्हाच आलाय.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, मीना नदीच्या काठी. नाव सांगत नाही, कारण ज्यांच्या गोष्टी सांगणार ती मंडळी अजून पारावर बसतात. गावाला वळसा घालून नदी खाली गेली की खालची वाडी लागते. थोडीशीच घरं. त्यांची पिण्याची विहीर नदीच्या अगदी कडेला, म्हणजे नदीत जे वाहणार ते झिरपून विहिरीत उतरणार. आणि नदीत काय वाहायचं? आमच्या अख्ख्या गावाच्या मोऱ्या! वाडीत दर पावसाळ्यात कावीळ ठरलेली. शेवटी नव्वदच्या दशकात, दशक संपता संपता, कुठल्याशा योजनेतून मैलापाणी शुद्ध करायचा प्लांट आला. गटार आत येणार, जाळीत चिंध्या अडकणार, मोठ्या टाकीत विजेचा पंखा पाणी घुसळणार, त्यातली घाण जिवाणू खाणार, गाळ खाली बसणार आणि वरचं नितळ पाणी नदीत जाणार. ऐकायला किती सोपं आहे!

चालवायला आम्ही दोघं. मी सुपरवायझर, म्हणजे शिव्या खायला. प्रकाश इलेक्ट्रिशियन, म्हणजे शिव्या द्यायला. टाकीतल्या पंख्याला गावानं 'रवी' नाव ठेवलं आणि आम्हाला 'ताकवाले'. बाजारात हाक यायची, "काय ताकवाले, लोणी निघालं का?" पहिलं वर्षभर राग आला. पुढं पुढं "न्हाई अजून" असं उत्तर देऊन चालायला लागलो.

*

नोकरी लागली तेव्हा दोन्ही घरांत पेढे कुणीच वाटले नाहीत.

प्रकाशच्या आजोबांनी छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर गावकीची कामं सोडली होती. वडिलांनी गवंड्याच्या हाताखाली राबून पोराला आयटीआय केलं. आणि पोरगं लागलं कुठं, तर गटाराच्या प्लांटवर! त्याची आई चुलीपुढून उठलीच नाही. म्हणाली, "आज्यानं जे सोडलं तितंच तू चाललास व्हय?"

प्रकाश म्हणाला, "आई, हात लावायचा न्हाई. बटन दाबायचं काम हाय."

"बटन दाबून वर काय येतंय? गुलाबपाणी?"

हे त्यानं मला हसत सांगितलं, पण पहिल्याच दिवशी अट घातली. "साहेब, जाळी साफ करायची पाळी लावायची. एक दिस मी, एक दिस तुमी. 'तूच कर' म्हणायचं न्हाई." मी कबूल झालो. पहिली पाळी माझीच आली. पाटलाच्या घरातला माणूस लोखंडी पंजानं चिंध्या ओढतोय, हे बघायला कुंपणाला ही गर्दी! पोरं झाडावर चढली होती. प्रकाश ऑफिसात खुर्चीवर पाय घेऊन चहा पीत होता. त्यानं आतूनच विचारलं, "साहेब, तिकीट लावू का?"

माझ्या घरची वेगळीच तऱ्हा. बायकोनं माहेरी, पेठला, सांगून टाकलं होतं की हे 'वॉटर सप्लाय'ला आहेत. झालं! दर दिवाळीला सासरवाडीचे लोक मला नळ दाखवणार. "बगा की जरा, प्रेशर न्हाई." मी नळ सोडून बघायचो, बंद करायचो, मान हलवायचो.

एक दिवस मेहुणा न कळवता एसटीनं आला. स्टँडवर माझं नाव विचारलं, लोकांनी त्याला थेट प्लांटवर आणून सोडलं. टाकीच्या कडेला उभा राहून तो त्या काळ्या फेसाकडं बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "दाजी, हे पाणी तुमी गावाला सोडता?"

"न्हाई," मी म्हणालो, "गाव मला सोडतं."

*

प्लांट उभा राहिला, पण घाण खाणारे जिवाणू कुठून आणायचे? पुण्याहून एक तरुण इंजिनिअर आला होता. चष्मा, नवे गमबूट. तो म्हणाला, "सुरुवातीला शेण लागेल. ताजं. ट्रॉलीभर."

दवंडी दिली. घराघरातून शेण गोळा झालं. ट्रॅक्टर प्लांटवर आला तशी मागून गावातल्या बायका आल्या, आपल्या शेणाचं काय करतात ते बघायला. इंजिनिअरनं शेण पाण्यात कालवलं आणि बादल्या भरभरून टाकीत ओतायला लावलं. सरपंचांची म्हातारी आई काठी टेकत सगळ्यांच्या पुढं उभी होती. तिनं शेवटची बादली पडेपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "एवढं शिकून पुण्यास्नं आला आन केलं काय? सडाच घातला ना!"

इंजिनिअर बिचारा चांगला होता. तो म्हणाला, "हो आजी. रांगोळी तेवढी तुम्ही काढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटसमोर खरंच रांगोळी होती! मधोमध कमळ. प्रकाशनं सायकल बाहेरच लावली.

*

आता सखूआक्काचं सांगतो. पुढचं सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं.

आक्का खालच्या वाडीची. नवरा काविळीत गेलेला. मुलगा दत्ता, एकुलता एक. जमीन बेताची, पण टोमॅटो चांगला काढायचा, निर्व्यसनी, नाकीडोळी नीटस. तरी लग्न जमेना. आमच्याकडं पाहुणे आधी पाणी बघतात, मुलगा नंतर. दारात तांब्या दिला की तोंडाला लावायच्या आधी नाकाशी नेणार. वाडीचा तांब्या एकदा हुंगला की पोहे खाऊन, चहा न घेता, "कळवतो" म्हणून उठणार. ते कधी कळवायचे नाहीत. वाडीतली बरीच पोरं अशी बसून होती. आक्काला एकच ध्यास लागलेला, दत्ताचं लग्न. त्याच्यासाठी विहीर सुधारायला पाहिजे, विहिरीसाठी नदी, आणि नदीसाठी आम्ही दोघं ताकवाले!

टाकीतलं पाणी नितळ यायला लागलं हे ऐकून ती डोक्यावर हंडा घेऊन आली. विहिरीचं पाणी होतं. ऑफिसात येऊन टेबलावर हंडा ठेवला, फुलपात्र भरलं आणि माझ्यापुढं सरकवलं. "प्या."

मी प्रकाशकडं बघितलं. तो छताच्या पंख्याकडं बघत होता.

म्हटलं, "आक्का, आमचं पाणी प्यायचं नसतं. नदीत सोडण्यापुरतं असतं."

"मंग नदीतनं माज्या इहिरीत येतं, ते काय नुसतं अंगूळीला येतं?"

प्यालो. खरं सांगतो, वास नव्हता, चव नव्हती, काही नव्हतं. साधं पाणी होतं. आक्का माझ्या गळ्याकडं बघत होती. फुलपात्र रिकामं झालं तसा तिनं हंडा उचलला आणि म्हणाली, "दोन दिस वाट बगते. तुमी उठून बसलात तर पावणं बोलावते."

मी उठून बसलो. तिनं पाहुणे बोलावले. ओझरकडचं स्थळ होतं.

*

आणि नेमका त्याच आठवड्यात जिल्ह्याहून मोठा साहेब प्लांट बघायला येणार असं ठरलं!

सरपंचांनी गावात हुकूम सोडला. दगडांना गेरू फासला, गेटला केळीचे खांब बांधले. आम्हा दोघांना हार-नारळ आणायला नारायणगावला पिटाळलं. परत येतो तर टाकीवर पांढराशुभ्र फेस आणि वास असा, की डोळ्यांना धारा! फिनेलचे रिकामे कॅन एका बाजूला रचून ठेवलेले, ब्लीचिंग पावडरच्या गोण्या दुसऱ्या बाजूला. सरपंच कमरेवर हात ठेवून समाधानानं उभे.

मी नारळाची पिशवी खाली टेकवली. प्रकाशनंच विचारलं, "भाऊ, काय केलंत हे?"

"धुतलं. मोठा साहेब येतोय, घाण दिसाया नको."

"अहो, आत जिवाणू होते!"

"तेच मारले ना!" सरपंच म्हणाले. "एक बी सुटला न्हाई!"

साहेब आला. त्यानं खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "अजिबात दुर्गंधी नाही! आदर्श प्रकल्प!" टाळ्या वाजल्या. सरपंचांनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. साहेबाच्या गळ्यात हार घालताना वासानं माझे डोळे वाहत होते. लोकांना वाटलं, भारावलो.

मेलेली टाकी सडायला वेळ लागत नाही. ओझरचे पाहुणे वाडीत पोचले तेव्हा विहिरीच्या पाण्याला गटाराचा वास होता आणि वर फिनेलचा. मुलीच्या मामानं तांब्या हुंगून विचारलं, "जवळपास दवाखाना हाय का हो?" पोहेसुद्धा खाल्ले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आक्का आली. शिव्या देईल असं वाटलं होतं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं हंडा गेटात उपडा केला, पाणी ओतून दिलं आणि आली तशी गेली. मला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

पुन्हा दवंडी, पुन्हा ट्रॉली, पुन्हा शेण. सरपंचांची आई घरातूनच म्हणाली म्हणे, "आता एकदाचा त्या टाकीला गोठाच बांदा."

*

एका उन्हाळ्यात वेगळीच तऱ्हा झाली. गटारच येईना! टाकीची पातळी रोज खाली खाली. आम्ही दोघं चेंबर उघडत उघडत वर गेलो, तर प्लांटशेजारच्या तात्यानं आपल्या बांधालगत पाइप फोडून त्यात मोटर टाकलेली. त्याचं हत्तीगवत माणसाच्या वर गेलेलं, काळंभोर हिरवं. आजूबाजूला सगळी रानं करपलेली आणि तात्याच्या म्हशी डुलत होत्या.

मी वर फोन लावला. "साहेब, घाण येत नाहीये."

"मग जातेय कुठं?"

"चोरीला गेली."

मग हुकूम आला, तक्रार नोंदवा. गेलो पोलीस चौकीत. हवालदारानं पेन काढलं. "काय चोरीला गेलं?"

"गटाराचं पाणी."

त्यानं पेनाचं टोपण लावलं. मी जागचा हलत नाही बघून परत काढलं. "वर्णन सांगा."

प्रकाश म्हणाला, "काळं हाय. वास येतो. दाखवलंत तर वळखू."

"हे बघा," हवालदार म्हणाला, "शोध लावतो. पण मुद्देमाल सापडला तर हितं आणायचा न्हाई, आत्ताच सांगून ठेवतो."

तात्याला समोरासमोर बसवलं तर तो अजिबात वरमला नाही. म्हणाला, "त्यात माज्या घरच्या मोरीचं पाणी हाय का न्हाई? माजं मी परत घेतलं. ह्याला चोरी म्हणत्यात व्हय!" शेवटी तोड निघाली. आमच्याकडून शुद्ध झालेल्या पाण्यातला वाटा त्याला द्यायचा, त्यानं पाइप फोडायचा नाही. महिन्याभरात तो तक्रार घेऊन हजर. "राव, तुमच्या पाण्यात दम न्हाई. सगळं सत्व काढून घेता तुमी!"

सगळ्यात कडी आक्कानं केली. गटार नदीपर्यंत पोचतच नव्हतं ना, त्यामुळं ते दिवस वाडीच्या विहिरीचं पाणी आरशासारखं होतं. ती रस्त्यात भेटली तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आक्का, चोर पकडला!"

"कशाला पकडला?" ती म्हणाली. "त्यानं चालवला व्हता तेवडा प्लांट बरा व्हता."

*

कावळ्यांचं सांगायचं राहिलं. जाळीतून काढलेला कचरा आम्ही कुंपणाच्या आत टाकायचो. त्यात शिळ्या अन्नाची चंगळ. तालुक्यातले कावळे बहुधा आमच्याकडंच मुक्कामाला होते. घाटावर दहाव्याला कावळा दिसेना!

गावातले एक अण्णा वारले. जिवंतपणी त्यांनी प्रत्येक ग्रामसभेत उठून प्लांटला विरोध केला होता. "गावाच्या पैशानं हागणदारीला राजवाडा बांधताय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या दहाव्याला पिंड ठेवून तासन्‌तास झाले, कावळा येईना. ह्यांची अमुक इच्छा पुरी करू, तमुक करू, सगळं बोलून झालं. शेवटी अण्णांचे धाकटे भाऊ ओल्या धोतरानं प्लांटवर आले. "साहेब, तुमचे कावळे जरा द्या."

माझे कावळे! बरं, नाही कसं म्हणणार? मी आणि प्रकाशनं पत्र्याचे डबे बडवले. कावळे उडाले, घाटावर एक गिरकी मारली आणि परत येऊन कचऱ्यावर बसले. दोनदा, तीनदा तेच. ऊन चढलं, घाटावर बायका चक्कर येऊन बसायला लागल्या. मग भटजींनीच तोडगा काढला, पिंड इकडं आणा. आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर पिंड ठेवला आणि हात मागं घ्यायच्या आत कावळा शिवला!

अण्णांच्या भावाला हुंदका आवरेना. "म्हंजी दादाचा जीव हितंच अडकला व्हता हो!"

मी मान खाली घातली. प्रकाश माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "साहेब, हजेरीवर नाव घालू का त्यांचं?"

*

पुढं भारनियमन आलं आणि हसणंही कमी झालं.

आठवड्यातले दोन दिवस, मंगळवार आणि शुक्रवार, दिवसभर लाईट नाही. पंखा बंद. गटार काही थांबत नाही, लोक काही मोरीवर जायचे थांबत नाहीत. टाकी भरून वाहू नये म्हणून बगलेचा दरवाजा उघडायचा आणि सगळं आहे तसं नदीत सोडून द्यायचं. ज्या हातानं आठवडाभर पाणी निवळवायचं, त्याच हातानं तो चाकाचा दरवाजा फिरवायचा. मला त्या चाकाचा इतका वीट आला होता की सोमवारपासूनच डोकं चढायचं. दरवाजा उघडायच्या आधी वाडीच्या दुकानात फोन करायचा, "आज पाणी भरू नका." दुकानदार पोरांकरवी घरोघर सांगायचा. वार ठरलेले, म्हणून बायका आदल्या दिवशीच भरून ठेवायच्या.

जनरेटरसाठी मागणी केली. वरचेवर केली. इतक्या दिवसांनी आला, की प्रकाशनं त्याला ओवाळायचंच बाकी ठेवलं. आणि आला तो जत्रेच्या तोंडावर! सरपंच आले, गोड बोलले. "दोनच दिसाचा प्रश्न हाय. तमाशाला लाईट नको का? गावाची अब्रू हाय."

जत्रा झाली, आठवडा झाला, जनरेटरचा पत्ता नाही. फड पुढच्या गावाला गेला होता, त्यांच्याबरोबर हाही गेलेला! प्रकाश मोटरसायकलनं तीन गावं पालथी घालून त्याला घेऊन आला. चारी बाजूंनी लाल-पिवळ्या रंगात फडाचं नाव रंगवलेलं, वर एक नाचणारी बाई. सुरू केला तर दोनदा खोकला आणि बंद पडला. मेकॅनिकनं उघडून बघितलं आणि हात टेकले. "पार वापरून संपिवलाय."

प्रकाश म्हणाला, "एवढं फिरल्यावर तमासगीर बी दमतो, राव."

नंतर त्यावर आम्ही ओले गमबूट वाळत घालायचो. दत्ताच्या कानावर तोवर पांढरे केस दिसायला लागले होते. आक्का आता प्लांटवर येत नव्हती. मला तिचं न येणं जास्त टोचायचं.

*

आता शेवटचं सांगतो आणि थांबतो.

एका रविवारी आक्का माझ्या घरी आली. कधी नव्हे ती उंबऱ्याच्या आत येऊन बसली. म्हणाली, "आणे पठारावरचं स्थळ आलंय. उद्या यायचेत. पोरीचा बाप लई चौकस हाय म्हनं, आधी तुमच्या पलांटावर येनार. सायेब, नीट बोला. ह्यो पावना गेला तर माज्या दत्त्याचं आता काय व्हत न्हाई."

मी म्हणालो, "बोलतो." दुसरं काय म्हणणार?

सोमवारी दुपारी बाप-लेक आले. आमच्याकडं मुलगी अशी मुलाच्या गावाला येत नाही, पण आई नव्हती आणि घरी एकटी ठेवायची नाही म्हणून आणली, असं त्यानंच सांगून टाकलं. वाळका, उंच माणूस, टोपी कपाळावर ओढलेली. मी त्याला जाळी दाखवली, टाकी दाखवली, शेवटी नदीत पडणारं पाणी दाखवलं. लाईट होती, पंखा जोरात होता, पाणी झकास होतं. त्यानं ओंजळीत घेतलं, हुंगलं, हात झटकले. मुलगी मागं मागं फिरत सगळं बघत होती.

ऑफिसच्या दारात चपला काढून तो आत बाकावर बसला. मुलगी दारातच उभी राहिली.

"रोज असंच असतंय?" त्यानं विचारलं.

प्रकाशनं माझ्याकडं बघितलं. 'हो' म्हणायला काय लागतं? ओठांचा चंबू करून श्वास सोडला की झालं. आक्का डोळ्यांपुढं होती. आणि तो दरवाजा फिरवणारे माझे हातही माझ्याजवळच होते.

"न्हाई," मी म्हणालो. "मंगळवारी आणि शुक्रवारी लाईट नसते. तेव्हा सगळं तसंच जातं नदीत. विहिरीला वास येतो. आम्ही फोन करतो वाडीला, बायका आधी भरून ठेवतात."

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुमाला पोरगी हाय?"

"हाय."

"तुमी दिली असती ह्या वाडीत?"

इतकी वर्षं मोठमोठ्या साहेबांनी इतके प्रश्न विचारले, असा कुणी विचारला नव्हता. प्रकाशनं उठून उगाच मीटर तपासायला घेतला.

"नसती दिली," मी म्हणालो.

"खरं बोललात, बरं झालं." त्यानं टोपी डोक्यावर चढवली आणि उठला. "चल गं."

मुलगी दारातून हलली नाही. माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "काका, बाकीच्या दिशी चांगलं असतं का पानी?"

"असतं."

"इहीर आटती का?"

"वाडीची? छे! नदीकाठची विहीर ती. बारा महिने पाणी."

"बारा महिने," ती स्वतःशीच म्हणाली. मग बापाकडं वळली. "दादा, आपल्याकडं टँकर कितींदा येतो?"

बापाचा एक पाय चपलेत होता, दुसरा बाहेर. तो तसाच उभा राहिला. प्रकाशचा मीटरवरचा हात थांबला.

मग त्यानं पाय चपलेतून काढला, परत आत येऊन बाकावर बसला आणि मला म्हणाला, "पानी द्या जरा प्यायला."